केबलवरची भाजणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टीव्हीसमोर बसून पट्टीची वाट पाहणं. संध्याकाळच्या मालिकेखालून केबलवाल्याच्या जाहिराती सरकायच्या, त्यात आमची एक. साड्यांचा सेल गेला, शिकवणीचे क्लास गेले, मूळव्याधीचे डॉक्टर गेले आणि त्यांच्या मागोमाग आमची भाजणी आली. बायकोनं चष्मा वर सरकवला. "अहो, हे उलटं नाही का? आधी खाणं, मग डॉक्टर." मी म्हटलं, डॉक्टर आपल्यापेक्षा जुनं गिऱ्हाईक आहे त्याचं. ती हसली, टीव्ही बंद केला, भांडी पालथी घातली आणि झोपली. पहाटे उठवायला गेलो तर उठली नाही.

ती पट्टी आमच्या घरात कशी आली ते सांगतो.

डोंबिवलीत माझी पिठाची गिरणी. मी चौथी शिकलेला. दळणाला तेवढं पुरतं. ऐंशीच्या सालात रविवारी डब्यांची रांग रस्त्यावर यायची. त्या रांगेत लग्नं जमायची, मोडायचीसुद्धा. मग पिशवीतलं तयार पीठ आलं. नवरा-बायको दोघं नोकरीला, गहू निवडतंय कोण? डबे कमी होत गेले. मोटार अशीच बसून राहिली तर गिरणी विकावी लागणार, हे मला दिसत होतं. बायको म्हणाली, गहू येत नाहीत तर राहू देत, आपण भाजणी विकू. ती भाजायची, मी दळायचो. भाजणी चांगलीच व्हायची, पण आमच्या इमारतीबाहेर ते कळणार कोणाला?

उपाय घेऊन ठाकुर्लीचा केबलवाला आला. त्यानं नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि तो कोणाच्या तरी गळ्यात मारल्याशिवाय त्याला जेवण जात नव्हतं. मला म्हणाला, "काका, पीठ विकू नका. विश्वास विका." मी विचारलं, विश्वास बारीक दळायचा की जाडसर? तो हसला नाही. असली माणसं धंद्याच्या वेळी हसत नाहीत. मजकूर त्यानंच रचला: कॉम्प्युटराइज्ड गिरणीत दळलेली शुद्ध घरगुती भाजणी. मी म्हटलं, अरे, गिरणीत कॉम्प्युटर कुठाय? तर म्हणाला, जाहिरात माझ्या कॉम्प्युटरवर झाली ना, मग झालं की. पुढच्याच रविवारी एक रिटायर साहेब कॉम्प्युटर बघायला गिरणीत आले. मी सांगितलं, दगडांच्या आत बसवलाय, हात घालू नका. साहेब समाधानानं परत गेले.

आमच्याकडे फोन नव्हता. नंबर लावून वर्षं झाली होती, तेव्हा सगळ्यांचीच ती गत. म्हणून पट्टीत शेजारणीचा नंबर दिला आणि पुढे पी. पी. लिहिलं. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, हाक मारून आम्हाला बोलवायचं. लग्नपत्रिकेवर चालतं, नोकरीच्या अर्जावर चालतं, मग भाजणीला का चालू नये, असा आमचा हिशोब.

पण हाक काही येईना. पट्टी रोज सरकत होती, आम्ही रोज बघत होतो, आणि कान शेजारच्या दाराकडे. शेजारीण मात्र आमच्याकडून भाजणी नेऊ लागली. आधी किलोभर, मग डबाभर. बायको खूश. म्हणाली, बघा, भिंतीला भिंत लागून राहते, पण टीव्हीवर बघितल्यावरच तिला आपली भाजणी दिसली. मला संशय आला, कारण पलीकडे फोन तर रोज वाजायचा. स्टेशनजवळच्या पीसीओत गेलो, आवाज बदलून नंबर लावला आणि भाजणी मागितली.

"भाजणी कशाला घेताय?" पलीकडून शेजारीण. "चकल्या करत बसायला वेळ कोणाकडे आहे? तयारच घ्या की. आत्ताच तळल्यात." मग जरा थांबून म्हणाली, "भाऊजी, सर्दी झालीय का?"

जाहिरातीनं छोट्या धंद्याला बरकत येते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. फक्त कोणत्या छोट्या धंद्याला, हे आधी कोणी सांगत नाही.

घरी येऊन मी तसाच भांडायला निघालो, तर बायको दारात आडवी. "पीठ कोणाचं खपतंय? आपलंच ना? गिरणी चालतेय ना?" वर म्हणाली, चकल्या बऱ्या करते ती, मला आताशा कढईपाशी उभं राहवत नाही. मी आत वळलो. गिरणी चालत होती, हे खरंच होतं.

आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर बायको गेली.

तो दिवस लोकांत गेला. संध्याकाळी आमचा टीव्ही बंद होता, पण भिंतीपलीकडे फोन वाजायला लागला. मालिका सुरू झाली की तो वाजायचाच. थोड्या वेळानं शेजारीण दारात येऊन उभी राहिली. तिनं चकल्यांच्या ऑर्डरी घेऊन ठेवलेल्या, भाजणी संपलेली, आणि सुतकाच्या घरचं पीठ दिवाळीला कोणी घेणार नाही, हे तिलाही ठाऊक आणि मलाही.

"भाऊजी, फोन येतायत. काय सांगू?"

मी विचारलं, तुम्ही भाजाल का?

"वहिनींसारखी नाही व्हायची."

"नाहीच होणार. या खेपेला दुसरीकडून दळून आणा. नंतर माझ्याकडे यायचं."

ती मान हलवून गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचा राग आणायचा होता, पण आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरहून आलेली मुलगी म्हणाली, सुतकात कुठे चाललात? मी चपला घातल्या आणि ठाकुर्लीला गेलो. केबलवाल्याला बातमी लागलेली. त्यानं प्रसंगाला शोभेलसा चेहरा केला. म्हणाला, "काका, काकूंच्या श्रद्धांजलीची पट्टी टाकू का? फोटोसकट. दिवाळीत एकावर एक फुकट आहे."

मी म्हटलं, फुकटची माझ्यासाठी राखून ठेव. आज एवढंच कर. आमची भाजणी काढ आणि तिथं 'तयार चकली' लिही.

"गिरणी?"

"तीही काढ."

"आणि नंबर?"

"तोच राहू दे. पी. पी. तेवढं खोड."

त्यानं टाइप केलं. मी त्याच्या पाठीशी उभं राहून एकेक अक्षर लावून वाचलं, मग रुळाच्या कडेनं चालत घरी आलो.