आबांची हाक आणि ब्राउझरचा साधा प्लेअर

आबा, म्हणजे माझे वडील, अख्खा कळप एका हाकेत थांबवायचे. खर्जातली, लांबट हाक, शेवटाला जराशी वर चढणारी. ते गेले तेव्हा त्यांची बहीण, माझी आत्या, मेंढरं घेऊन कोकणात उतरली होती. तिला दहाव्यालाही पोचता आलं नाही. त्यांचा आवाज तिला हवा तेव्हा ऐकता यावा म्हणून माझ्या फोनमध्ये रेकॉर्ड केलेली ती हाक मी एका वेबपेजवर टाकायला घेतली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं सगळं तिचा नातू पुसून टाकतो.

माझ्या चुलत भावाचं मंचरला कॉम्प्युटरचं दुकान आहे. "ताई, नुसता ब्राउझरचा प्लेअर नको. लई गरीब दिसतो," म्हणत त्याने कुठलंसं फुकटचं प्लगइन बसवलं. त्यात रंगीत लाटा नाचायच्या. मला ते तेव्हाच खुपलं होतं.

कोकणातून परतताना माळशेज घाटात आत्याने मी पाठवलेलं पेज उघडून बटण दाबलं. आधी जाहिरातच लागली. वैतागून तिने फोन गळ्यातल्या पिशवीत टाकला. जाहिरात संपली आणि पिशवीतून आबांनी हाक मारली, पुन्हा पुन्हा. मेंढरं भर रस्त्यात जागच्या जागी उभी! मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. रडतच तिने सोबतच्या गड्याच्या फोनवरून मला फोन केला, "अगं, दादा हाक मारतुया अन् मला बंद करता यीना! कुठं दाबू?"

माझं डोकंच फिरलं. त्याच दुपारी ते प्लगइन उपटून फेकलं. ब्राउझरचा स्वतःचा प्लेअर ठेवला: एक त्रिकोण, एक रेघ. दाबलं की वाजतो, पुन्हा दाबलं की गप्प. वर काही डाउनलोड करा म्हणत नाही.

"लोकं हसत्याल," भाऊ म्हणाला.

"हसू देत. माझा बाप कुणाच्या जाहिरातीमागं ताटकळणार नाही."

तो फुगून बसला. बसू दे. मी काही त्याची समजूत काढायला गेले नाही.

पुढे आत्या जुन्नरच्या अलीकडे मुक्कामाला आली. मेंढरं जाळीत कोंडून झाल्यावर तिने फोन केला.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ऐकलं."

"आता बंद करता आलं ना?"

"आलं असतं की. बोट बटनावरच व्हतं. पन दादाला मधीच गप कसं करू? त्याचा त्यो थांबस्तवर उभी ऱ्हायले."