चौथी जाळी

माझ्या बायकोला वाटतं, तिला माझं सगळं ठाऊक आहे. तंबाखूची पुडी मी कुठं लपवतो तेही तिला माहीत. पण हे तिला माहीत नाही. कुणालाच नाही. सात वर्षं झाली, एकदाही माझ्या तोंडून हे बाहेर पडलेलं नाही — आणि आता तुम्हाला सांगायला बसलो, तर सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही.

मिलपासून करतो. गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये मी मिस्त्री आहे. मिस्त्री म्हणजे मशीन बंद पडू न देणारा माणूस. धान भरडायचं यंत्र, तांदूळ पॉलिश करायचं यंत्र, माल वर चढवणारा एलिव्हेटर — कुठं काय करकरतंय, कुठं काय तापतंय, ते मला फाटकातून आत येतानाच ऐकू येतं. याचा मला गर्व होता. अजून आहे. खोटं कशाला बोलू? — हा प्रश्न मी विचारावा, म्हणजे कमालच आहे.

माझ्या हाताखाली सुखदेव होता. मूळचा अर्जुनी मोरगावकडचा, कुडव्यात खोली करून राहायचा. घरी बायको शकुन आणि दोन पोरी. वय चाळिशीचं, बोलणं मोजकं, कामाला वाघ. सकाळी आला की दोन्ही हात जोडून ‘जयभीम, मिस्त्री’ म्हणायचा. मी ‘राम राम’ म्हणायचो, की आमचा दिवस सुरू. दुपारी जेवायला आम्ही एकत्रच बसायचो. त्याच्या डब्यातली लाखोळीच्या डाळीची भाजी मी निम्मी खायचो आणि तो हसायचा. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की आमचं काही वैर होतं. काहीच नव्हतं. तो मला आवडायचा.

आता दसऱ्याचं सांगतो. दसऱ्याला आमच्याकडं मशीन पुजतात. नवं धान दिवाळीनंतर येतं, तोवर मिल तशी थंडच असते. आदल्या दिवशी सगळी यंत्रं धुऊनपुसून घ्यायची. यंत्रं फिरवणाऱ्या पट्ट्यांवरच्या लोखंडी जाळ्या काढून ठेवायच्या, कारण जाळी असली तर चाकाला कुंकू लावता येत नाही. देवाला पडद्याआडून कुंकू लावतात का? मग चाकांना झेंडूच्या माळा, नारळ, शेटजींच्या हातची आरती. त्या दिवशी एकही चाक फिरवायचं नाही. दुसऱ्या दिवशी जाळ्या परत बसवायच्या. हे काम माझं. ना शेटजींचं, ना सुखदेवचं, फक्त माझं.

जाळ्या चार होत्या. तीन मी बसवल्या.

चौथी पॉलिशच्या यंत्राची. तिच्या एका बोल्टचे आटे गेले होते. शिवाय त्या यंत्राचा पट्टा जुना होता, सारखा घसरायचा. घसरू नये म्हणून दिवसातून चार-सहा वेळा त्याला आतल्या बाजूनं राळ लावावी लागायची. जाळी असली की दर वेळी चार बोल्ट काढा, मशीन थांबवा, राळ लावा, परत बोल्ट घाला. एवढा वेळ कुणाकडं होता? मी म्हटलं, राहू दे, सीझन संपल्यावर बसवू. जाळी उचलून मागच्या गोदामात रिकाम्या बारदान्यावर ठेवून दिली. त्या यंत्राच्या खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणी यायचं नाही. आणि चालू पट्ट्याला राळ कशी लावायची ते सुखदेवला शिकवलं. हात कसा तिरपा धरायचा, कधी मागं घ्यायचा — मीच. चांगलं शिकवलं. दोन महिने त्यानं माझ्यापेक्षा सफाईनं ते काम केलं.

मग एका सकाळी, दहाच्या सुमारास, मी एलिव्हेटरपाशी होतो आणि पॉलिशच्या यंत्राचा आवाज बदलला. आधी आवाज बदलला, मग किंकाळी आली. मी धावत जाऊन स्विच पाडला. काय दिसलं ते मी सांगणार नाही. उजवा हात कोपराच्या खाली राहिला नव्हता, एवढं पुरे. त्याच्याच दुपट्ट्यानं मी त्याचा दंड आवळून बांधला. बाहेर धानाच्या वाळवणावरची माणसं धावत आली, जीप निघाली, चौघांनी त्याला उचललं. तो शुद्धीवर होता. जीपमध्ये ठेवताना त्यानं डाव्या हातानं माझी बाही धरली होती.

“मिस्त्री, संग या ना,” तो म्हणाला.

मी म्हणालो, “तू हो पुढं. मी मशीन पाहून येतोच मागून.”

मशीन काय पाहायची होती? बंद होती. पण जीप फाटकाबाहेर पडेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट शिरली होती — आता फॅक्टरी तपासणारे सरकारी साहेब येतील, पोलीस येतील आणि विचारतील, जाळी कुठं आहे?

सगळी माणसं फाटकाशी जमली होती. मी मागच्या गोदामात गेलो. बारदान्यावरची जाळी उचलली. तिच्यावर धूळ होती, कबुतरांची घाण होती, दसऱ्याच्या झेंडूच्या वाळल्या पाकळ्या अडकल्या होत्या. माझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ती मी पुसली. नीट पुसली — मी काम नीटच करतो. मग ती यंत्राजवळ आणून भिंतीला टेकवली. शेजारी पाना ठेवला. डब्यातून चार बोल्ट काढून जमिनीवर ठेवले, एक जरा लांब घरंगळलेला. बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच कुणीतरी घाईत उघडली आहे.

मला त्या एका बोल्टाचं फार नवल वाटतं. त्या वेळी, त्या खोलीत, जमिनीवर त्याचं रक्त असताना — मला तो बोल्ट घरंगळवायचं सुचलं कसं?

नंतर मी नळावर दुपट्टा धूत होतो. लोकांना वाटलं, सुखदेवचं रक्त धुतोय. एक जण म्हणाला, मिस्त्रीनं धावाधाव केली म्हणून जीव तरी वाचला. मी मान खाली घालून पिळत राहिलो. पाण्यात रक्त नव्हतंच, नुसती धूळ होती.

साहेब आले. शेटजींनी माझ्याकडं पाहून हिंदीत विचारलं, “मिस्त्री, ये जाली किसने खोली?” त्यांना खरंच माहीत नव्हतं, दसऱ्यानंतर ते यंत्राच्या खोलीत फिरकलेच नव्हते. मी म्हणालो, “सुखदेवनं उघडली असेल.” असेल, म्हणालो. त्या ‘असेल’वर मी बरेच दिवस काढले. शेटजींनी मला खोटं बोलायला सांगितलं असतं, धमकावलं असतं, तर किती बरं झालं असतं. कुणी काही सांगितलं नाही. नोकरी जाईल, खटला होईल, आपल्याला तुरुंगात टाकतील — एवढं माझ्या मनात आलं आणि मी घाबरलो. बस, एवढंच.

शकुननं कामगार कोर्टात भरपाईसाठी अर्ज केला. मिलच्या बाजूनं मला साक्षीला बोलावलं. कोर्टाच्या व्हरांड्यात तिचा वकील तिला समजावत होता, आणि मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो, त्यामुळं सगळं ऐकू आलं. वकील म्हणाला, बाई, कामावर असताना यंत्रानं हात गेला, तर मालकाला भरपाई द्यावीच लागते, मग निष्काळजीपणा कुणाचाही असो. पण जीव वाचलाय, एकच हात गेलाय. अशा वेळी कामगारानं स्वतः जाणूनबुजून सुरक्षेची जाळी काढली, असं जर त्यांनी सिद्ध केलं, तर काहीच मिळत नाही. आपली सगळी केस त्या जाळीवर आहे.

म्हणजे मला माहीत होतं. आत जाण्याआधी माहीत होतं. कायदा कळला नाही म्हणून फसलो, असं म्हणायची सोय मला नाही.

शकुन उठून माझ्याकडं आली. हात जोडले नाहीत, रडली नाही. म्हणाली, “भाऊ, तुमी त तिथंच होते. जे पाह्यलं ते सांगा. आमाले दुसरं काई नाई पायजे.”

आणि मी आत जाऊन शपथ घेतली. जाळी कुणी काढली? सुखदेवनं. आता ‘असेल’ नव्हतं. तुम्ही पाहिलं? होय साहेब. आणि मग, कुणी विचारलंही नव्हतं तरी, मी पुढं म्हणालो — मी त्याला मना केलं होतं. हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं स्वतःचं.

सुखदेव समोर बाकावर बसला होता. शर्टाची उजवी बाही दुमडून पिन लावलेली. मला वाटलं, आता उठेल, ओरडेल, मिस्त्री, जाळी तर दसऱ्यापासून नव्हतीच! तो उठला नाही. माझ्याकडं बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, तो काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होता.

अर्ज फेटाळला. वकील म्हणाला, नागपूरला हायकोर्टात अपील करू. सुखदेवच नको म्हणाला. काऊन नको, म्हणून शकुन भांडली, तरी नाहीच. आठ दिवसांनी मी त्याच्या खोलीवर गेलो. कशाला गेलो, देव जाणे. बहुतेक शिव्या खायला गेलो असेन. त्यानं मला चहा पाजला. म्हणाला, “त्या दिवसाचं मले काईच आठवून नाई राहिलं, मिस्त्री. आदीचंबी सगडं गोलमाल झालं. पण तुमी कायले खोटं बोलान? तुमी सांगता त मीच काढली असन.”

मी चहा प्यालो. कप रिकामा होईपर्यंत प्यालो, आणि उठून आलो.

शेटजींनी माणुसकी म्हणून त्याला फाटकावर बसवलं. शकुन आमच्याच मिलमध्ये वाळवणावर राबते. मोठी पोरगी नर्सिंगला जाणार होती, ती एका कापडाच्या दुकानात लागली. रोज सकाळी मी आत येताना सुखदेव डावा हात छातीशी नेतो आणि ‘जयभीम, मिस्त्री’ म्हणतो. सात वर्षं, सुट्टीचे दिवस सोडून, रोज. मी मोटरसायकल न थांबवता मान हलवतो.

मिलमध्ये आता पट्टे राहिले नाहीत, सगळं नवं आलं. तरी भर दुपारी, जेवताना, मला त्या पट्ट्याचा जोड चाकावरून जाताना ऐकू येतो — टक, टक, टक. घास हातात राहतो. उजव्या हातात. रोज सकाळी मी मिलमधली प्रत्येक झडप, प्रत्येक झाकण हातानं हलवून पाहतो. पोरं हसतात, म्हणतात, मिस्त्री बायकोपेक्षा झाकणाले जास्त जपते. मीही हसतो. नाही हसलो तर विचारतील ना, काय झालं म्हणून?

गेल्या मार्चमध्ये मिलमध्ये सुरक्षा सप्ताह झाला. मंडप, खुर्च्या, समोसे. नवीन कामगारांपुढं बोलायला शेटजींनी सुखदेवला उभं केलं. तो त्याआधी कधी माईकवर बोललेला नव्हता. त्यानं रिकामी बाही डाव्या हातानं उचलून दाखवली. म्हणाला, “माह्याकडं पाहा. मी मशीनची जाळी आपल्या हातानं काढली. मिस्त्रीनं मना केलं होतं, मी आयकलो नाई. तुमी तसं करू नका.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होतो, मीही वाजवल्या.

मग तो खाली उतरला, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. घाम पुसला. आणि हळूच माझ्याकडं वाकून विचारलं, “बराबर बोललो ना, मिस्त्री?”

मी म्हणालो, “बरोबर बोललास.”