मोठे टायर लावून पोरगी पाहाले

आता मी कोनत्या तोंडानं सांगू राजेहो! पन चहा तुमीच पाजून राहिले, तं माहा येडा बह्याडपना मीच सांगतो.

मी राजापेठेत गनिताची ट्यूशन घेतो. चार वर्षं पैसे जमवून एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारांची, लालबुंद. तिले पाहून राजापेठ थांबे. आनि दर दोन दिवसांनी गाडी बी थांबे!

अशात नांदगाव खंडेश्वराजवळच्या एका खेड्यातून स्थळ आलं. पोरगी फोटोतच मनात भरली. म्हनलं, काई बी होवो, होकार घेऊनच यायचं. मंग होकारासाठी मी काय केलं? गाडीचे टायर बदलले!

हसू नका. चमकनारे अलॉय, त्याच्यावर मोठे, रुंद टायर. बसवनारे सलीमभाई म्हने, "सर, टायर आनि वरच्या फेंडरच्या मधात बोट बी जाऊन नाई राहिलं. डांबरी रोडवर ठीक है, काळ्या मातीत नेऊ नका."

मी म्हनलं, "भाई, मी पोरगी पाहाले चाललो, वखर हाकाले नाई!"

पोळ्याचा आदला दिवस. चार दिवसाची पावसाची झड नुकतीच थांबली होती. बाजूले आई, नवं पातळ नेसून. पोरीचं घर दिसून राहिलं आनि डांबर संपलं. दहा फूट गेलो असीन, चारही चाकं जाम! माती फेंडरात अशी ठासून बसली, का इंजिन नुसतं बोंबलून राहिलं.

पोरीचे वडील धावत आले, मागं त्याहीचा पोरगा.

"बैलजोडी लावा न," मी म्हनलं.

"कावून असं बोलता, पाव्हने? उद्या पोळा. आत्ताच लोनी-हळद लावून बैलाहीचे खांदे शेकले. आता त्याहीच्यावर जू नाई चढत."

"मंग कोनावर चढते?"

ते नुसते माह्या खांद्याकडे पाहून राहिले.

झालं! हातानं चिखल उकरला, दोर बांधला. एका अंगाले मी, दुसऱ्या अंगाले त्याहीचा पोरगा, स्टेअरिंगवर वडील. आईले म्हनलं, "उतर जराशी!"

"नव्या पातळानं चिखलात? ओढ गुमान!"

दहा पावलं ओढा, चाकं जाम, पुन्हा उकरा. त्यात वडिलाहीनं सवयीनं खिडकीतून आवाज देल्ला, "हाऽ, चाल रे राजा!" सांगाले लाज वाटते, पन मी बी जोर लावला!

दारापाशी पोचलो, मान वर केली, तं समोर पोरगी. मी गुडघ्यापावतर चिखलात, खांद्यावर दोर, तोंडाले फेस. वाटलं, गेली हातची. रडूच येऊन राहिलं होतं मले.

तिनं मले खालून वरपावतर पाहिलं आनि वडिलाले म्हने, "बाबा, शेतकऱ्याले पोरगी द्याची नाई, असं तुमी म्हनता. बैलाले द्याची नाई, असं तं कधी म्हनलं नाई. माहा होकार समजा."

वडील माह्याकडे वळले. "पाव्हने, तुमचं काय?"

दोर खांद्यावर तसाच होता. मी नुसती मान हालवली.