खंडेनवमीचा हार

खांदा कायमचा दुखावला आणि माझी नेमबाजी सुटली. प्रशिक्षक म्हणाले, "नजर शाबूत आहे ना? मग रेंजवर सुरक्षा पर्यवेक्षक हो." रीतसर शिकले, परीक्षा दिली, गळ्यात शिट्टी आली. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काही पटलं नाही. नाशिकजवळ मळ्यात झेंडू पिकवणारा माणूस. "म्हंजी नेम दुसऱ्यांनी धरायचा आन् तू नुसतं बघत बसायचं?" असं विचारलं त्यांनी. ते फार लागलं मला, कारण मनातून मलाही तसंच वाटत होतं.

खंडेनवमीला ते पहिल्यांदाच रेंजवर आले, पाटीभर झेंडू घेऊन. सरावाच्या एअर रायफलींची पूजा होती. टेबलांपुढच्या पिवळ्या रेषेपलीकडे कुणी जायचं नाही, हे मी सगळ्यांना बजावलं. पूजा झालेल्या रायफली घेऊन काही मुलं सरावाला उभी राहिली. शेवटच्या दोन अजून टेबलावर होत्या. मी एका मुलीच्या जॅकेटचा पट्टा आवळून वळले, तर अण्णा हार घेऊन टेबलांच्या पलीकडे, नळ्यांच्या पुढ्यात निघालेले. त्यांना तरी काय बोलणार? आमच्याकडे ट्रॅक्टरला हार समोरूनच घालतात.

शिट्टी सुचलीच नाही. "स्टॉप! अण्णा, जागचे हलू नका," मी अशी ओरडले की सगळ्यांची बोटं चापावरून निघाली. रायफली खाली ठेवल्या गेल्या, एकेक रिकामी असल्याची मी खात्री केली आणि मगच पुढे जाऊन अण्णांना कोपराला धरून मागे आणलं. जन्मात कधी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. चारचौघांत त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. आता हे पुन्हा इकडे फिरकायचे नाहीत, असंच वाटलं मला.

बाकावर बसवून पाणी दिलं. पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "लागलं असतं का गं?"

"छर्रा डोळ्यात गेला असता तर डोळाच गेला असता."

त्यांनी टेबलावरच्या रायफलींकडे वळून पाहिलं. "अण्णा, मी सगळ्यांदेखत तुमच्यावर ओरडले," म्हणताना मला रडूच आलं.

त्यांनी हातातला हार बाजूला ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रेषेचं तू काय सांगितलं ते मला आयकूच आलं नाय. या कानानं कमी येतं आताशा. तू आजून जोरात वरडत जा, बाई. माझ्यावानी कुणाचा बी बाप येईल इथं."