जिरवणारे साडू

जगात कुठंही पाणी सांडलं, तरी ते वाट विचारत विचारत शेवटी आपल्याच उंबऱ्याशी येणार, अशी ठाम खात्री बाळगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भावोजी म्हणते, म्हणून मीही भावोजीच म्हणत आलो. ते मला 'अरे इंजिनियर' म्हणायचे. या 'अरे'कडं जरा लक्ष ठेवा, पुढं ते लागणार आहे.

बडोद्याबाहेरच्या एका रासायनिक कारखान्यात ते सेफ्टी विभागात होते. काय काय विपरीत होऊ शकतं, याची काळजी करायचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, काळजी मात्र चालू राहिली, आणि तीही ओव्हरटाइमसकट. सिनेमाला गेले तर दाराजवळची खुर्ची मिळाली तरच बसायचे, आणि पडद्यापेक्षा दारावरच्या लाल दिव्याकडं जास्त बघायचे. स्वयंपाकघराच्या दाराशी वाळूनं भरलेली तांबडी बादली आणि गळ्यात शिट्टी, हा त्यांचा संसार. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मांडववाल्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मागून बाहेर पडायला दुसरं दार आहे का?" तो म्हणाला, "कुणासाठी?" तर अंतरपाटाकडं बोट दाखवून म्हणाले, "आधी त्याच्यासाठी. बाकीचे मग बघू."

कारखान्यात जशा ड्रिल घ्यायचे, तशा ते घरातही घ्यायचे, न सांगता. एकदा सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायाला त्यांनी शिट्टी फुंकली आणि गुरुजींसकट सगळ्यांना जिना उतरवून रस्त्यावर उभं केलं. प्रसाद वरच राहिला. "माणसं वाचली की शिरा पुन्हा करता येतो," असं त्यांनी रस्त्यात उभं राहून समजावलं. गुरुजींचं मात्र तोंड उतरलं होतं, कारण प्रसाद टाकून पळणाऱ्यांचं काय होतं ते पुढच्याच अध्यायात यायचं होतं.

पण आगीची ही भीती त्यांना नोकरीनं दिलेली, पाण्याची भीती स्वतःची. "पाणी कुठं जाणार?" हा त्यांचा प्रश्न. कुणी नवं न्हाणीघर कौतुकानं दाखवावं, तर हे फरशीवर तांब्या ओतून वाकून बघत बसायचे. शेजारी गॅलरीत चूळ भरत असला, तरी त्याला तोंडात पाणी असताना हा प्रश्न विचारायचे. तेव्हा ते बडोद्याच्या पाणीगेट भागात भाड्यानं राहायचे आणि तिथं त्यांचं मन रमलं नाही त्याचं कारण एवढंच, की ज्या जागेच्या नावातच पाणी आहे तिचा भरवसा काय धरायचा!

त्या वर्षांत बडोदं चारी अंगांनी फुगत होतं. वाघोडिया रोडला काल तुरीचं शेत बघावं, तर आज तिथं फ्लॅटांच्या स्कीमचा बोर्ड आणि मंडपात थंड सरबत. मी अशाच एका बिल्डरकडं साइट इंजिनियर होतो. नवा नियम आला होता : मोठी स्कीम बांधायची तर गच्चीवरचं पावसाचं पाणी गटारात न सोडता जमिनीत जिरवायची विहीर हवी. काळ्या मातीचा थर पार करून रेती लागेपर्यंत खणायचं, तरच वरच्या इमारतीला वापर-परवाना. आमच्या छापील पत्रकावर घरांच्या चित्रापेक्षा विहिरीचं चित्र मोठं होतं. वर हिरवी पानं, खाली निळे थेंब, आणि 'पर्यावरणाचे मित्र' अशी अक्षरं. साडूंनी ते पत्रक वाचलं आणि ते भारले गेले. "अरे इंजिनियर, आयुष्यभर पाणी आपली जिरवत आलं," ते म्हणाले, "आता आपण त्याची जिरवायची!"

आमच्याच स्कीममध्ये घर घ्यायचं त्यांनी ठरवलं, आणि आता आली पंचाईत. वरच्या मजल्यावर घ्यावं तर आग लागल्यावर उतरायचं कसं, तळमजल्यावर घ्यावं तर पाणी. कित्येक आठवडे ते आमच्याकडं येऊन हाच काथ्याकूट करायचे. शेवटी एका रविवारी सेव-उसळीची बशी बाजूला सारून त्यांनी मला सरळ विचारलं, "विहीर तुझी आहे ना? तुझ्या देखरेखीखाली?" मी म्हणालो, "हो." "मग तळमजलाच," ते म्हणाले आणि बशी पुन्हा पुढं ओढली. इतक्या निश्चिंतपणे काही खाताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो, कारण एवढी वर्षं सांगितलेलं नाही. बायकोलाही हे छापून आल्यावरच कळेल. विहीर नव्हती. चिकण मातीत कुदळी अडायला लागल्या, ताबे द्यायची घाई झाली, तेव्हा बिल्डर म्हणाला, "साहेब, ढाकण मूकी दो ने! अंदर कोण जोवा जवानुं छे?" झाकण ठेवा, आत कोण बघायला जाणार आहे? मी झाकण ठेवलं. त्याच्याखाली पुरुषभरसुद्धा खोली नव्हती. शेजारी निळी पाटी लावली आणि दाखल्यावर सही केली. तपासणीला आलेल्या साहेबांनी झाकण पाहिलं, पाटी वाचली, सही पाहिली आणि सहीवर विश्वास ठेवला. साडूंनी वास्तुशांत केली, तेव्हा गणपतीनंतर पहिलं हळदकुंकू त्या झाकणाला वाहिलं.

त्या उन्हाळ्यात मला झोप नव्हती. मे संपत आला तशी आभाळात पांढरी कापसाची पिंजण दिसली तरी मी चपला शोधायचो. त्यांचं दार त्या झाकणापासून चार हातांवर, आणि अख्ख्या इमारतीच्या गच्चीचं पाणी एका नळीतून त्या खड्ड्यात यायचं. मी काही ना काही निमित्त काढून तिकडं जायचो. कधी पापड पोचवायला, कधी नुसतंच. आणि गेलो की माझे पाय झाकणाकडं वळायचे. साडूंना वाटलं, मला त्यांचा वाण लागला. त्यांना कोण आनंद! "बघ, बघ," ते आपल्या बायकोला सांगायचे, "आत्ता कुठं हा सेफ्टीचा माणूस झाला!" मग आम्ही दोघं त्या झाकणाभोवती उभे राहायचो. ते काळजीनं खाली बघायचे, मी भीतीनं. "जिरेल ना रे?" ते विचारायचे. "जिरेल," मी म्हणायचो.

मग त्यांनी ड्रिल ठरवली. पावसाची वाट बघत बसणं हे सेफ्टीच्या माणसाचं काम नव्हे. म्हणून त्यांनी पाण्याचा टँकरच मागवला. मला आदल्या दिवशी फोन : "अरे इंजिनियर, ये. तुझा सत्कारही करून टाकू." मी गेलो. न जाण्याचं धाडस माझ्याकडं नव्हतं. सोसायटीची माणसं खुर्च्या टाकून बसलेली, पोरं जिन्याच्या कठड्यांवर, आणि सोसायटीच्या चेअरमन सरलाबेन गुलाबाचा हार घेऊन तयार. झाकण बाजूला सरकवलेलं. पाणी लाल दिसावं म्हणून साडूंनी नळीच्या तोंडाशी मूठभर गुलाल टाकला आणि शिट्टी वाजवली.

टँकर सुटला. थोडा वेळ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग लाल पाणी काठाशी आलं, काठावर थरथरलं, आणि वळून थेट साडूंच्या पायरीकडं निघालं. त्यांच्या चपला तरंगल्या. "अरे, आ तो ऊतरतुं नथी!" सरलाबेन ओरडल्या. साडूंनी कपडे वाळत घालायची काठी उचलली आणि खड्ड्यात घातली. काठी थोडी आत गेली आणि टक्कन अडली. त्यांनी पुन्हा घातली, दुसऱ्या बाजूनं. पुन्हा टक्क. मग त्यांनी आधी काठीकडं पाहिलं आणि नंतर माझ्याकडं. मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, एवढं माझं खरं माना.

तेवढ्यात त्यांनी जोरात शिट्टी फुंकली. "घाबरू नका!" ते आपल्या मराठी वळणाच्या गुजरातीत ओरडले, "तळाला पोती टाकून मीच तोंड बंद केलंय. विहीर तुंबली तर काय करायचं, त्याचीच ही ड्रिल आहे! चला, सगळे पहिल्या मजल्यावर! म्हातारी माणसं आधी!" आणि माणसं हसत, एकमेकांना ढकलत खरोखर वर गेली. वरून टाळ्या पडल्या. गुडघ्यापर्यंत लाल झालेली विजार घेऊन साडू खाली एकटे उभे होते. ज्या माणसानं सगळा जन्म न झालेल्या धोक्यांच्या आरोळ्या ठोकल्या, तो समोर आलेला धोका लपवत होता, माझ्यासाठी. टँकरवाला गेला. मी जवळ गेलो. त्यांनी काठी पुसून जागेवर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "अहो, उद्यापासून खोदायला घेता ना?"

अहो.

मराठी माणसाला शिव्या द्यायची गरज नसते. जवळच्याला 'अहो' म्हटलं की काम होतं.

दुसऱ्या दिवशी मी बिल्डरला सांगितलं, खणलं नाही तर माझी सही मी जाऊन परत घेईन. त्यानं मला वेड्यात काढलं, पण माणसं दिली. साडू रोज हेल्मेट घालून काठावर उभे. खणणाऱ्यांच्या कमरेला दोर बांधल्याशिवाय ते त्यांना आत उतरू देत नसत आणि चहाआधी एक ड्रिल घेत. माणसं त्यांना 'सिटीवाळा काका', म्हणजे शिट्टीवाले काका, म्हणायची. रेती लागली त्या दिवशी त्यांनी घरातली तांबडी बादली आणली, जुनी वाळू ओतून टाकली आणि विहिरीतली ओली रेती तिच्यात भरली. मला म्हणाले, "अहो, जरा हात लावता का? जड आहे." त्या वर्षी पाऊस चांगला झाला. पायरी कोरडी राहिली.

आणि त्यानंतर सगळं पूर्वीसारखंच चाललं. दिवाळीला फराळ आला, मुंजीएवढ्या थाटात झालेल्या माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी हॉलची दोन्ही दारं तपासली. फक्त पाण्याबद्दल ते मला कधी विचारत नसत आणि 'अहो' काही सुटलं नाही. बायकोनं एकदा विचारलं, "भावोजी तुम्हाला अहोजाहो का करायला लागले?" मी म्हणालो, "वय झालं माझंही." सरलाबेन मात्र एकदा जिन्यात थांबल्या, विहिरीकडं मान वळवून म्हणाल्या, "तमारा साढुभाई बहु जिरवी जाणे छे, हं." आपल्याकडं जिरवणं म्हणजे पाणी मुरवणं, किंवा कुणाची मस्ती उतरवणं. गुजरातीत जिरववुं म्हणजे सोसणं, पोटात ठेवणं. सरलाबेनना सगळं ठाऊक होतं, ते मला तेव्हा कळलं. पोत्यांवर विश्वास ठेवणारं त्या सोसायटीत कुणीच नव्हतं.

पुढं साडू मुलाकडं पुण्याला गेले, अकराव्या मजल्यावर. तिथं लिफ्ट, आग आणि वारा अशा तीन काळज्या एकदम मिळाल्यानं त्यांची तब्येत सुधारली म्हणतात. त्यांचा तळमजल्याचा फ्लॅट आम्ही घेतला. दुसऱ्या कुणी तिथं राहावं, हे मला चालण्यासारखं नव्हतं. तांबडी बादली त्यांनी मागं ठेवली, ती स्वयंपाकघराच्या दाराशी असते. दर पावसाळ्यात त्यांचा फोन येतो. बायकोला गॅसची नळी, वायरिंग, जिन्यातला दिवा सगळं विचारतात आणि ठेवून देतात.

परवा रात्रभर पाऊस होता. सकाळी त्यांचा फोन आला, तेव्हा मी बायकोच्या हातातून रिसीव्हर घेतला. म्हटलं, "भावोजी, पाणी जिरतंय."

 ते म्हणाले, "विचारलं का कुणी?"

"नाही. पण सांगतो."

 अकराव्या मजल्यावरचा वारा तेवढा ऐकू येत होता. मी फोन ठेवणारच होतो, तेवढ्यात त्यांचा घाईघाईचा, काळजीनं भरलेला, जुना आवाज आला, "अरे, पण झाकण नीट बसतंय ना? पोरं नाचतात रे त्याच्यावर!"

झाकण नीट बसतं, मला माहीत होतं. तरी मी छत्री घेतली आणि बघायला गेलो.