कोणती पायरी चुकली

माझी मुलगी चार वर्षांची असताना तिला ऑटिझम आहे हे आम्हाला कळलं. नातेवाइकांना ते आजही कळलेलं नाही. इकडे हिंदी मुलखात, चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या घरी जो कुणी यायचा तो चहाचा कप हातात घेता घेता विचारायचा, "मग, ठीक कधी होणार ही?" मी सरकारी शाळेत गणित शिकवते. प्रश्नच चुकीचा मांडलाय हे मुलांना मी एका मिनिटात दाखवू शकते. घरच्यांना दाखवायला पंधरा वर्षं पुरली नाहीत.

तेरा वर्षांची होईपर्यंत तिला आपलं अंग कुठे संपतं याचा अंदाज नसायचा. दारातून जाताना चौकटीला खांदा लागायचा, टेबलाचे कोपरे मांडीत घुसायचे. निळे डाग कुठून आले विचारलं तर तिला आठवायचं नाही. पण मागून कुणी नुसतं बोट लावलं तरी ती किंचाळायची आणि स्वतःच्या मनगटाला चावायची. शाळेतल्या मुलींना हे कळलं होतं. त्या मुद्दाम मागून टपली मारायच्या. मी तक्रार केली तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बच्चियाँ हैं, खेलती हैं." मी स्वतः शिक्षिका असून गप्प बसले. गप्प बसण्याची मला सवय होती, हे इथेच सांगून टाकते.

कराटेचं सुचवलं माझ्या शाळेतल्या खेळाच्या बाईंनी. दोन क्लासांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं. एकाने तर मुलीसमोरच विचारलं, "किसी को मार दिया तो?" तिला सगळं ऐकू येतं, सगळं समजतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. परतताना ऑटोत ती म्हणाली, "मी कुणाला मारलं?" मी म्हटलं, कुणाला नाही. "मग तो असं काहून म्हणाला?"

तिसरा क्लास मदन महल स्टेशनजवळ, एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर पत्र्याखाली चालायचा. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, घोगऱ्या आवाजाच्या. सगळे त्यांना दीदी म्हणायचे. मी डॉक्टरांच्या कागदांची फाईल पुढे केली. त्यांनी ती उघडली नाही.

"इसको बुरा क्या लगता है?" त्यांनी विचारलं.

"कोई अचानक छू ले तो."

"वो तो मुझे भी बुरा लगता है," त्या म्हणाल्या. "कल से भेजिए."

पहिला महिना ती चपलांच्या मांडणीशेजारी बसून नुसती बघत राहिली. कडक पांढरा ड्रेस अंगाला टोचतो म्हणून मी तो दहा-बारा वेळा धुतला, मानेजवळचं लेबल उसवलं. दीदींनी एकदाही ये म्हणून हाक मारली नाही. पाचव्या आठवड्यात ती आपणहून उठली, रांगेच्या टोकाला उभी राहिली आणि पहिला काता सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून मोकळी झाली. काता म्हणजे ठरलेल्या चालींची एक मालिका. पाऊल, वळण, हात, पुन्हा पाऊल, आणि जिथून निघालो तिथेच परत. महिनाभर बघून तिने तो डोळ्यांनी पाठ केला होता. मी पायऱ्यांवर बसून रडले. दीदींनी फक्त तिचं डावं पाऊल थोडं बाहेर वळवलं, आणि तेही आधी विचारून: "पैर को हाथ लगाऊँ?"

पुढच्या दोन वर्षांत जे झालं त्याला लोक चमत्कार म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. दीदी कधीच म्हणाल्या नाहीत की ही बरी होईल. तिथे फक्त सगळं तिला समजेल असं होतं. रोज तीच सुरुवात, तीच मोजणी, चटईवर तिची ठरलेली जागा. नमस्कार करताना डोळ्यात बघायची सक्ती नाही. दोघांमध्ये किती अंतर ठेवायचं ते हात लांब करून मोजलेलं. बाहेरच्या जगात हे अंतर तिला कुणी कधी मोजून दाखवलं नव्हतं. हळूहळू तिचे खांदे चौकटीला लागेनासे झाले. मनगटावरचे दातांचे व्रण फिके पडले. ओमतीच्या बाजारातल्या गर्दीत ती माझ्या बरोबरीने चालायला लागली, हॉर्न वाजला की हाताची मूठ करून श्वास मोजायची आणि पुढे जायची.

आणि दीदींनी तिला तीन पायऱ्या शिकवल्या. कुणी नको असताना हात लावला तर पहिली पायरी, एक पाऊल मागे. दुसरी, हात समोर धरून मोठ्याने सांगायचं, "रुकिए. हाथ मत लगाइए." तिसरी, तरीही हात आला तर तो अडवायचा. मारायचं नाही, फक्त अडवायचं. ती हे घरी आरशासमोर करायची, वाक्य हिंदीतच, दीदींच्याच सुरात. मी स्वयंपाक करता करता ऐकायची आणि मला फार बरं वाटायचं.

ती सोळा वर्षांची असताना माझ्या थोरल्या दिरांच्या मुलीचा साखरपुडा होता. माझी मुलगी या दिरांना मोठे बाबा म्हणते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. तिला मागून येऊन दोन्ही खांदे धरायचे, गाल ओढायचे, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. ती किंचाळली की हसून म्हणायचे, "तुम्हीच लाडावून ठेवली. सवय लावावी लागते." माझ्या नवऱ्याने त्यांना कधी अडवलं नाही. मीही नाही.

त्या दिवशी ती हॉलच्या खिडकीपाशी उभी होती. ते मागून आले आणि त्यांनी खांदे धरले. ती किंचाळली नाही. वळली, एक पाऊल मागे गेली, हात समोर धरला आणि म्हणाली, "रुकिए. हाथ मत लगाइए."

सगळा हॉल वळून बघायला लागला. दीर हसले. "अरे वा, घरच्या माणसाशी हिंदीत बोलून राहिली!" म्हणत त्यांनी गालाकडे हात नेला. तिने पुन्हा तेच सांगितलं, आणखी मोठ्याने. त्यांनी तरीही गाल धरला. तिने हात अडवला. शिकवलं होतं तसाच, तितक्याच जोराने. त्यांचं मनगट खिडकीच्या गजावर आपटलं.

मनगटाला बारीक चीर गेली होती. पण ते एक्स-रे काढल्यावर कळलं. त्याआधी हॉलमध्ये जे व्हायचं ते झालं. कुणी म्हणालं, "मारामारी शिकवून राहिले तुम्ही हिला, काय हो!" कुणी म्हणालं, "आज काकाला मारलं, उद्या आईला मारेल." व्याही मंडळी एका बाजूला सरकून उभी राहिली. जावेने रडत रडत सांगितलं, "पाहुण्यांसमोर माफी मागायला लाव. नाहीतर लोक काय समजतील, कसलं घर आहे हे?" माझा नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "चलो, मिटवून टाक ना. कशाला वाढवायचं?"

ती तिथेच उभी होती. रडत नव्हती. आपण सगळं बरोबर केलं याची तिला खात्री होती आणि ती माझ्याकडे बघत होती. मी शाबास म्हणेन असं तिला वाटत असावं.

मी म्हटलं, "मोठ्या बाबांच्या पाया पड."

"काहून?"

"सॉरी म्हण आणि पाया पड."

तिने विचार केला. मग अगदी शांतपणे विचारलं, "आई, कोणती पायरी चुकली?"

कोणतीच चुकली नव्हती. मला माहीत होतं. त्या हॉलमध्ये इतकी माणसं होती, त्यात वागण्यात चूक न झालेली ती एकटीच होती. मी तिचा दंड धरला, तिला न विचारता, आणि तिला खाली वाकवलं. ती वाकली. दिरांनी दुसऱ्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं. तिने थोपटू दिलं. सगळ्यांना हायसं वाटलं आणि जेवणाची पानं मांडली गेली.

दहा-बारा दिवसांनी मी तिला क्लासला घेऊन गेले तेव्हा दीदींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या मला धीर देतील. त्यांनी हातातली चटई पसरली. मग म्हणाल्या, "मैडम, मुझे दो साल लगे थे. आपको कितनी देर लगी?"

तिचा काता अजून निर्दोष होता. पण जोडीने सराव सुरू झाला तसं वेगळंच काही दिसलं. समोर एक कॉलेजातली मुलगी होती. तिने हात पुढे आणला आणि माझी मुलगी हात बाजूला सोडून तशीच उभी राहिली. मग तिने विचारलं, "आप घर के हो?"

त्या मुलीला काही कळेना. दीदींना कळलं. मलाही. घडलेल्या गोष्टीतून माझ्या मुलीने स्वतःच नियम काढला होता: बाहेरच्याला अडवायचं, घरच्याला नाही. गणित तिचं पक्कं आहे. मी दिलेल्या उदाहरणावरून दुसरं उत्तर निघतच नव्हतं.

तो नियम पुसायला दीदींना वर्षभर लागलं. "घर का हो, बाहर का हो, हाथ हाथ होता है," त्या रोज सांगायच्या आणि ती रोज मान हलवायची. तरी हात वर येताना तो अर्ध्यावर थांबायचा. अजूनही कधी कधी थांबतो. मीही एक दिवस तिला समोर बसवून सांगितलं की त्या दिवशी तुझं काहीच चुकलं नव्हतं, चुकलं माझं. ती नखं बघत ऐकत होती.

"हे तेव्हा सांगायचं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

मी म्हटलं, हो. याहून जास्त ती कधी बोलली नाही. माफ केलं का, असं मी विचारलं नाही. तिला खोटं बोलता येत नाही.

आता ती एकोणीस वर्षांची आहे. कॉलेजला एकटी जाते, रविवारी लहान मुलींना काता शिकवते. हात लावण्याआधी विचारते, आणि नाही म्हटलं तर मागे होते. दिरांच्या घरी आम्ही दोघी जात नाही. नवरा एकटा जातो आणि तब्येतीची कारणं सांगतो. कोणाची तब्येत, ते मी विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिला तपकिरी, म्हणजे काळ्याच्या आधीचा, पट्टा मिळाला. नवऱ्याने फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यात पहिलं उत्तर दिरांचं होतं: "आमच्या घराण्याची वाघीण!" खाली फुलं, हृदयं, जोडलेले हात. जावेने लिहिलं, आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ही काहीतरी करून दाखवणार. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये होते. लिहिलं, "तिला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

माझ्या ओळीखाली ना फुलं आली, ना हृदयं. मग कुणीतरी कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि ग्रुप पुन्हा सुरू झाला.