सतारीचे पडदे आणि तंबाखूची दोरी

आमच्या साऱ्या गावात माज्यासारखी सतार वाजवणारा दुसरा कुणी न्हवता. आता गावात दुसरी सतारच न्हवती, ही गोष्ट येगळी.

सतार तशी बारकीच. माजा चुलता नाटक कंपनीत भात शिजवायला हुता. कंपनी मोडली तवा त्येच्या वाटणीला ही आली. त्येला वाजवता येत न्हवती, मलाबी येत न्हवती, पर त्येला त्येची लाज वाटायची. म्हणून ती माज्याकडं आली.

मी निपाणीकडचा तंबाखूच्या रानातला गडी. शाळा मी बाहेरनंच बगितलेली. पर लावणीत मला कुणी हात धरायचा न्हाय. दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारायच्या, गाठीखाली एकेक तरू, म्हंजी तंबाखूचं रोप, लावायचा. माजं रान उभं बगा, आडवं बगा, तिरकं बगा, वळ सरळच. लोक बांधावर थांबून बगायची. तेवढ्यावर मी गप बसाय पायजे हुतं.

दर शनवारी देवळात भजन असायचं आन् बुवांच्या उजव्या हाताला माजी जागा. मग शेजारच्या शिंप्यानं बेळगावातनं पेटी आणली. बुवा म्हणले, दोन दोन वाद्यं नकोत, चिकोडीच्या अंगाला जत्रंला भजन न्यायचंय, येत्या शनवारी जे सुरात वाजंल ते माज्या उजवीकडं बसंल. झालं, माजी झोप उडाली. ती जागा गेली तर मला सतारवाला कोण म्हणणार?

त्यात सतारीचं पडदं ढिलं झालेलं. पडदं म्हंजी दांडीवर आडव्या बांदलेल्या पितळंच्या काड्या, तार त्येच्यावर बोटानं दाबायची. त्येंचा दोरा उंदरानं खाल्ला हुता. उंदीर शिंप्याच्या घरचाच असणार, असं माजं मत झालं. भिंतीला भिंत लागून घर हाय त्येचं.

सतार फडक्यात गुंडाळून चिकोडीला गेलो. तितं एक म्हातारा कारागीर हुता, समदी त्येला आज्जा म्हणायची. देण्याआदी मी परतेक पडद्याला खिळ्यानं बारीक खूण केली. पितळ काढून पत्रा बसवला तर? आज्जानं खूण बगितली, माज्याकडं बगितलं आन् पडदं फडक्यानं पुसून ठेवलं. ह्येचा मला जास्तच संशय आला.

दिसभर मी त्येच्यापुढनं हाललो न्हाय. त्यो एक पडदा बांधायचा, तार छेडायचा, कान लावायचा, अंगठ्यानं जरासा रेटायचा, परत छेडायचा. मला वाटलं, काम न्हाय म्हणून येळ काढतोय. मदीच त्यो बायकूशी कानडीत बोलला आन् दोगंबी हसली. माजी कानडी तंबाखूच्या बाजारातली, भावाच्या फुडं जात न्हाय. काय म्हणला म्हणून इचारलं तर म्हणला, म्हशीचं बोलतोय अण्णा, दावं सोडून हिकडंच येऊन उभी ऱ्हाती. म्हस म्हंजी मीच, ह्ये मी तितंच वळाखलं.

परत येताना गाडीत बसून सतार मांडीवर घेतली आन् बगतो तर काय, वरच्या पडद्यांत चांगलं अंतर, आन् खाली भोपळ्याकडं यील तसं ते कमीकमी हुत गेलेलं. शेवटी तर बोटबी मावंना. माज्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हाताऱ्यानं सुरवातीला झकास केलं आन् दिस कलायला लागल्यावर कसंबी उरकून मला घालवला. माज्या रानात एखाद्या गड्यानं अशी लावण केली असती तर बांधावरनंच परत धाडला असता.

घरात पाय ठेवल्याठेवल्या मी लावणीची दोरी काढली. तशाच बारीक सुताला सारख्या गाठी मारल्या, दांडीवर धरलं आन् एकेक पडदा रेटून बरोबर गाठीवर आणला. काय दिसत हुती सतार. उभी बगा, आडवी बगा.

बायकू जात्यापाशी बसून बगत हुती. ती म्हणली, "कारागिरानं बांधलंय त्ये ऱ्हाऊ द्या की. त्यो तुमच्या रानात येऊन तरू उपटाय आलता का?"

हिचं म्हायार चिकोडीच्या अंगाचं. आज्जाची बाजू घेतीया, ह्ये मी मनात धरलं.

शनवारी देवळात गेलो ते छाती काढूनच. बुवांनी अभंग उचलला आन् मी तार छेडली. काय तरी इचित्र निगालं. आदी मला बुवांच्या गळ्याचा संशय आला, पावसाळी हवा हुती. मग मृदंगवाल्याचा. बुवा थांबले, परत उचललं, परत तसंच. फुडं बसलेली बाया-माणसं एकमेकाकडं बगाय लागली. तेवढ्यात मला शिंपी पेटीवर मान घालून हसताना दिसला, आन् सगळा उलगडा झाला. हा गडी दुपारी आमच्या घरात आलता. मी भर देवळात म्हणलं की, ह्येनं माजं पडदं सरकिवल्यात.

शिंप्यानं हसायचं थांबिवलं. "म्या पानाला चुना मागाय आलतो," त्यो म्हणला. "तुजी बायकू हुती घरात, तिलाच इचार."

बायकांच्या घोळक्यातनं माजी बायकू नुसतं "व्हय" म्हणली. एवढी पटकन तिनं माज्या बाजूनं कदी साक्ष दिली न्हवती.

बुवांनी सतार मांडीवर घेतली. पडद्यांवरनं वरनं खाली बोट फिरवलं, मग खालनं वर. कुणी बांधलं म्हणून इचारलं. मी म्हणलं, आज्जानं मला गंडवलं हुतं, ते म्या नीट केलं. कशानं? म्हणलं, तंबाखूच्या दोरीनं. मृदंगवाल्यानं धोतराचा सोगा तोंडात कोंबला. बुवा मातर हसले न्हाईत. जशी तार आखूड हुती तसं पडदं जवळ यायचंच, ह्ये त्येनी मला सावकाश सांगितलं. मला वाटलं, ह्येबी शिंप्याला सामील.

मग त्येनी पेटी उचलून आपल्या उजवीकडं घेतली, टाळाची जोडी माज्या हातात दिली आन् म्हणले, "जा, मागं बस. टाळाला पडदं नसत्यात."